प्रवेश-अर्जातला निबंध आणि घरची माणसे



कामगार संघटनेत तीस वर्षे घालवलेल्या माणसाने अमेरिकेतल्या कॉलेजांच्या प्रवेश-अर्जावर बोलायला उभे राहावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. पण अर्ज हा आमचा रोजचा धंदा आहे. बडतर्फ कामगाराचा खुलासा, अपघाताच्या भरपाईचा अर्ज, प्रॉव्हिडंट फंडाचा दावा, लेबर कोर्टातली जबानी असे हजारो कागद आमच्या हाताखालून गेले आहेत. गेल्या काही वर्षांत याच कामगारांची मुलेमुली बारावीच्या वर्षात एक निराळाच कागद घेऊन आमच्याकडे येऊ लागली. "काका, अर्ज भरला, मार्क भरले, पण यात स्वतःविषयी निबंध मागितलाय. काय लिहू?" हा त्यांचा प्रश्न. त्याच्या मागोमाग बापाचा प्रश्न येतो, "भाऊ, कुणाकडून चांगला लिहून घेता येईल का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता यावे म्हणून आम्ही हा विषय समजून घेतला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे म्हणून आज येथे उभे आहोत. आपल्या गावातून परदेशी शिकायला जाऊ पाहणारी मुले आता डॉक्टर-वकिलांच्याच घरातली राहिलेली नाहीत, आणि आपल्या देशातली काही खाजगी विद्यापीठेही असा निबंध मागू लागली आहेत. तेव्हा हा विषय दोनचार घरांपुरता राहिलेला नाही.

मागतात तरी काय?

आपल्याकडे प्रवेश म्हणजे मार्कांची यादी. वरून मोजत यायचे आणि जागा संपल्या की थांबायचे. अमेरिकेत तसे नाही. तेथे प्रत्येक विद्यापीठ आपले विद्यार्थी आपण निवडते. १९७५ साली पंधरा खाजगी कॉलेजांनी एकत्र येऊन एक सामाईक अर्ज काढला. 'कॉमन ॲप्लिकेशन' या नावाचा तो अर्ज आज हजाराहून अधिक संस्था स्वीकारतात. दर वर्षी १ ऑगस्टला तो नव्याने खुला होतो. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या सुरुवातीस संपते, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुमारास.

या अर्जात एक निबंध असतो. कमीत कमी २५० शब्द आणि जास्तीत जास्त ६५०, म्हणजे फुलस्केपची दोनअडीच पाने. विषय सात दिलेले असतात, त्यांतला एक घ्यायचा. तुमची जडणघडण किंवा तुमची एखादी आवड, जिच्यावाचून तुमची ओळख अपुरी राहील. एखादी अडचण किंवा अपयश आणि त्यातून काय शिकलात. एखाद्या रूढ समजुतीविषयी तुम्हाला पडलेला प्रश्न. कोणी तुमच्यासाठी केलेली आणि मनाला लागून राहिलेली एखादी गोष्ट. ज्यामुळे तुम्ही बदललात असा प्रसंग. ज्यात वेळेचे भान राहत नाही असा विषय. आणि सातवा, तुमच्या मनाचा कोणताही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज वेगळा असतो. त्यात आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरे, प्रत्येकी ३५० शब्दांच्या आत, द्यावी लागतात.

निबंध मार्कांची भरपाई करीत नाही. शाळेतले गुण, घेतलेले विषय आणि शिक्षकांची शिफारसपत्रे यांचे वजन मोठेच असते. हार्वर्डसारख्या ठिकाणी तर शंभर अर्जदारांतून चार-पाचांनाही जागा मिळत नाही. निबंधाचे काम मर्यादित आहे. कागदावर सारख्याच दिसणाऱ्या दोघांमध्ये माणूस कोणता, एवढे तो सांगतो.

याच अर्जात आणखी एक जागा असते, तिच्याकडे आमच्या कामगार बंधूंचे लक्ष आम्ही मुद्दाम वेधतो. शाळेबाहेर काय केले त्याच्या दहा नोंदी तेथे करता येतात. आपली मुले वक्तृत्व स्पर्धा आणि क्रिकेट लिहितात आणि बाकीच्या ओळी कोऱ्या ठेवतात. वास्तविक त्या यादीत पगारी काम आणि घरची जबाबदारी असे दोन प्रकार स्वतंत्रपणे दिलेले आहेत. धाकट्या भावाला शाळेत पोचवणे, आजारी आजीचे औषधपाणी पाहणे, काकाच्या दुकानात संध्याकाळी बसणे, हे तेथे लिहिण्यासारखे मानले जाते. ते लपवण्याचे काही कारण नाही.

हा निबंध आला कोठून?

या प्रथेचा इतिहास फारसा उजळ नाही, तोही जाणून घेतला पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्ड-कोलंबियासारख्या संस्था परीक्षा घेऊन प्रवेश देत. जो उत्तीर्ण होईल तो आत. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब यहुदी कुटुंबांतली मुले अभ्यासात पुढे होती. ती परीक्षा देऊन मोठ्या संख्येने आत येऊ लागली, तसा जुन्या घराण्यांचा जीव वरखाली होऊ लागला. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी १९२२ साली यहुद्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा विचार उघडपणे मांडला. तो उघड उपाय प्राध्यापकांच्या समितीने मान्य केला नाही. मग आडवाट निघाली. अर्ज लांबले. फोटो मागितला जाऊ लागला. जन्मानंतर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे काय, असा प्रश्न हार्वर्डच्या अर्जात आला. १९२६ पासून नुसत्या गुणांऐवजी 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' पाहण्याचे धोरण ठरले आणि यहुदी विद्यार्थ्यांचे प्रमाण घटले. समाजशास्त्रज्ञ जेरोम कॅराबेल यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही हकीकत कागदपत्रांनिशी दिली आहे.

नोकरभरतीच्या अर्जात वडिलांचे नाव, गाव आणि 'कोणाच्या ओळखीने आलात' हे रकाने ज्यांनी भरले आहेत, त्यांना या युक्तीचा अर्थ समजावून सांगायला नको.

पण इतिहासाची गंमत अशी की, ज्या दारावर पहारा बसवला होता त्याच दारातून पुढे वंचितांना आपली हकीकत सांगण्याची सोय झाली. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश हा निकष धरण्यास मनाई केली. मात्र वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने स्वतः लिहिले, तर ते विचारात घेण्यास विद्यापीठांना आडकाठी नाही, असेही मुख्य न्यायमूर्तींनी निकालपत्रात नमूद केले. म्हणजे रकान्यातली खूण गेली आणि हकीकतीचे वजन वाढले.

ही हकीकत सर्वांना सारखी लिहिता येते काय? येत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे आलेल्या ६०,००० अर्जदारांचे निबंध तपासले गेले. निबंधातला मजकूर आणि घरचे उत्पन्न यांचा संबंध परीक्षेतले गुण आणि उत्पन्न यांच्या संबंधाहूनही घट्ट निघाला. पैसा निबंधातही बोलतो, असा त्याचा अर्थ.

पैसा बोलतो तेथे बाजार भरतोच. निबंधासाठी लाखांत फी घेणारे सल्लागार आता आपल्याकडेही आहेत. सगळेच लबाड आहेत असे आमचे म्हणणे नाही. मुलाला प्रश्न विचारून त्याच्याकडूनच लिहून घेणारेही त्यांत आहेत. पण मुलाची माहिती एका कागदावर घेऊन आठ दिवसांनी तयार निबंध हातात ठेवणारेही आहेत. या वाटेने माणसे किती दूर जातात, हे मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत उघड झाले. खोटे परीक्षागुण आणि खोटी क्रीडानैपुण्ये यांच्या जोरावर श्रीमंतांच्या मुलांना नामांकित विद्यापीठांत घुसवणारी टोळी पकडली गेली. पन्नासहून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले, त्यांत आईबापच पुष्कळ होते, आणि काहींना तुरुंगात जावे लागले.

नोव्हेंबर २०२२ नंतर तर फुकटात निबंध लिहून देणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आले. यंत्राने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे ही फसवणूक आहे, असे कॉमन ॲप्लिकेशनच्या नियमांतच आता लिहिलेले आहे. २०२४ साली ड्यूक विद्यापीठाने निबंधाला आकड्यांत गुण देणेच थांबवले. निबंध अर्जदारानेच लिहिला असेल असा भरवसा आता धरता येत नाही, हे त्याचे एक कारण होते.

आपली मुले अडतात कोठे?

आमच्या अनुभवात ती तीन ठिकाणी अडतात.

पहिली अडचण शाळेने लावलेल्या सवयीची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हा निबंध म्हणजे स्वतःचे मत स्वतःच्या जोरावर मांडणे होते. पुढे शाळेत त्याचे काय झाले ते आपण जाणतो. 'माझी आई', 'पावसाळ्यातील एक दिवस', 'मी मुख्यमंत्री झालो तर' हे विषय ठरलेले आणि गाईडातले मजकूरही ठरलेले. एका वर्गातल्या साठ मुलांच्या साठ आया पहाटे पाच वाजता उठतात, देवपूजा करतात आणि प्रेमळ असतात. रात्रपाळी करणारी आई त्या निबंधात कधी येत नाही. बारा वर्षे असे लिहिल्यावर मुलाची पक्की समजूत होते की, निबंध म्हणजे जे खरे आहे ते बाजूला ठेवून जे शोभते ते लिहिणे.

दुसरी अडचण लाजेची, आणि तीच सर्वांत खोल आहे. पत्र्याचे घर, बंद पडलेला कारखाना, वडिलांचे दारूचे दिवस, आईचे धुण्याभांड्याचे काम ही 'अशा ठिकाणी' सांगायची गोष्ट नव्हे, असे मुलाला वाटते आणि पुष्कळदा आईबापांनाही वाटते. मग उसना निबंध येतो. खेड्यात जाऊन वह्या वाटल्या, गरिबांचे दुःख पाहून डोळे उघडले, असा त्याचा मजकूर. ज्याच्या स्वतःच्या घरी वह्या उधारीवर येतात त्याने असे लिहावे, यासारखी कुचंबणा दुसरी नाही. आणि जेव्हा बाप स्वतःच असा निबंध विकत आणतो, तेव्हा तो मुलाला न बोलता एक गोष्ट सांगत असतो, की तू ज्या घरातून आलास ते घर दाखवण्यासारखे नाही. हा घाव प्रवेश मिळाला तरी भरत नाही.

तिसरी अडचण 'मी' या शब्दाची. आम्ही संघटनेची माणसे. आमचा शब्द 'आम्ही'. संप आम्ही केला, करार आम्ही मिळवला. आपल्या घरांतही 'मी केले' म्हणणे हे फुशारकीचे समजतात. म्हणून मुले एक तर वडिलांच्या कष्टांवर सहाशे शब्द लिहितात, की वाचणाऱ्याला वाटावे प्रवेश वडिलांनाच द्यावा. नाही तर वाचून शिकलेला 'मी' आणतात, तो नेता असतो, सर्वांना प्रेरणा देतो आणि त्याला घाम येत नाही. खरा 'मी' या दोहोंच्या मधे असतो. संघटनेच्या सभेतही अध्यक्ष विचारतोच ना, "ते झाले, पण तू त्या वेळी कोठे होतास आणि काय केलेस?" त्या प्रश्नाचे उत्तर देणे ही फुशारकी नव्हे.

निबंध म्हणजे साक्ष

आम्ही मुलांना एवढेच सांगतो की, निबंध लिहू नकोस, साक्ष दे.

साक्षीचे नियम कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या कोणालाही ठाऊक असतात. जे स्वतः पाहिले-केले ते सांगावे. कधी, कोठे, किती हे सांगावे. ऐकीव गोष्ट आपली म्हणून सांगू नये. पढवलेला साक्षीदार ओळखू येतो. त्याच्या तोंडी वकिलाचे शब्द असतात, आणि उलटतपासणीत दुसऱ्याच प्रश्नाला तो इकडेतिकडे बघू लागतो. याउलट एखादा फिटर सांगतो, "मशिनचे गार्ड काढलेले होते. परवाच माझी बाही त्यात अडकून फाटली, म्हणून माझ्या लक्षात आहे." त्या फाटक्या बाहीपुढे दहा पानांचा युक्तिवाद फिका पडतो.

याचा मोठा धडा आपल्याच इतिहासात आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुले यांनी लेखी निवेदन दिले. सबंध देशाच्या शिक्षणाविषयी बोलायचे होते, तरी आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे हे त्यांनी आरंभीच नमूद केले. आपण शाळा काढल्या, स्वतः शिकवले, हे सांगितले आणि त्या बळावर सरकारला खडे बोल सुनावले. आपल्या अनुभवाची हद्द जो आधी सांगतो, त्याचे हद्दीतले म्हणणे खोडता येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचे शिक्षण नव्हते, पण 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी घरातली भांडणेसुद्धा झाकली नाहीत, म्हणून ते पुस्तक अजून ताजे आहे. गिरणी कामगाराच्या घरी वाढलेल्या नारायण सुर्वे यांनी १९६६ साली आपल्या संग्रहाला 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले, तेव्हा कोणते विद्यापीठ त्यांना अभिप्रेत होते हे सर्वांना समजले. खरे सांगण्याची परंपरा आपल्या भाषेत आहे. ती शाळेच्या निबंधात तेवढी पोचली नाही.

एक उदाहरण सांगतो. त्या घरच्यांची परवानगी घेऊन, नावगाव न सांगता. वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा मुलगी आठवीत होती. आईने कामगारांचे डबे करायला घेतले. बारावीत मुलीने अमेरिकेचा अर्ज भरला आणि कोणाकडून तरी 'नेतृत्वा'वर निबंध लिहून आणला. वाचून आम्ही विचारले, "यातले तू काय केलेस?" ती गप्प बसली. मग विचारले, "काल संध्याकाळी काय केलेस?" म्हणाली, "डब्यांची वही लिहिली. रोजच लिहिते."

त्या वहीतून निबंध निघाला. दहावीत असताना तिच्या लक्षात आले होते की डबे वाढले, पण महिन्याअखेर हातात पैसे कमी उरतात. तिने महिनाभर पीठ मोजून ठेवले. कोणी तीन पोळ्या खातो, कोणी सहा. दर मात्र एकच. हा तोटा जास्त खाणाऱ्यांमुळे होतो असे ठरवून तिने आईला दोन दर सुचवले. आई म्हणाली, "सहा खाणारे हमाल आहेत. भुकेला दंड लावायचा होय?" मुलगी चिडली आणि आईला चूक ठरवण्यासाठी पुन्हा हिशेबाला बसली. त्यात असे निघाले की पोळ्यांचा फरक किरकोळ होता. तोटा होता तो चार जणांच्या उधारीचा, आणि त्या चारांत हमाल एकही नव्हता. सरासरी काढली की कोण बुडवतो आणि कोण भुकेला आहे हे दिसेनासे होते, एवढे तिला त्या वहीने शिकवले. म्हणून तिला संख्याशास्त्र शिकायचे होते.

पहिल्या निबंधाची सुरुवात होती, की लहानपणापासून समाजाची सेवा करण्याची तिला तळमळ होती. दुसऱ्याची सुरुवात होती, की आमच्या घरी रोज संध्याकाळी पोळ्या मोजल्या जातात आणि ते काम माझे आहे. दोन्हींतला फरक आम्ही समजावून सांगत नाही.

आता घरच्यांनी काय केले ते पाहा. मुलीने मराठीत लिहिलेला खर्डा आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "तेव्हा बावीस डबे नव्हते, एकोणीस होते. आणि मी 'दंड' म्हणाले, तू 'शिक्षा' लिहिलेस." कारखाना बंद पडल्याचा उल्लेख ठेवायचा की नाही, हे वडिलांना विचारले. ते रात्रभर विचार करून सकाळी म्हणाले, "ठेव. कारखाना मी बंद पाडला नाही." एवढीच मदत. इंग्रजी मुलीने स्वतः केले; शाळेच्या बाईंनी व्याकरणाच्या चुका दाखवल्या, त्याही तिनेच दुरुस्त केल्या.

चार कॉलेजांनी नकार दिला. एकाने घेतले, पण मदत मिळूनही उरलेला खर्च त्या घराला झेपणारा नव्हता. आज ती पुण्यात संख्याशास्त्रच शिकते आहे. तेथल्या एका शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत तिला त्या वहीबद्दलच खोदून खोदून विचारले गेले आणि ती कोठेही अडखळली नाही. आपला हिशेब माणसाला पाठ करावा लागत नाही.

घरच्यांनी काय करावे?

अनुभवाने ठरलेल्या काही गोष्टी क्रमाने सांगतो.

एक : लिहिण्याआधी बोलणे होऊ द्या. आता उन्हाळ्याची सुट्टी आहे, ऑगस्टला अवकाश आहे. जेवणे झाल्यावर मुलाला प्रश्न विचारू द्या आणि आईबाप, आजी, मामा यांनी उत्तरे द्यावीत. आपण या गावात कसे आलो? माझा हट्ट कोणता होता? मी कोणते काम न सांगता करतो? मुलाचा जो गुण त्याला दिसत नाही तो घरच्यांना दिसतो. आजीला शंभर वेळा सांगितलेली गोष्ट एकशेएकाव्यांदा सांगू द्या. कामाची गोष्ट बहुधा तिच्यातच सापडते.

दोन : आठवण द्या, वाक्य देऊ नका. साल, आकडा, नाव चुकले तर जरूर सांगा. 'असे लिही' म्हणून शब्द सांगू लागलात की पेन तुमच्या हातात गेले असे समजा.

तीन : परवानगीचा प्रश्न उघडपणे सोडवा. घरातले आजारपण, कर्ज, भांडण हे एकट्या मुलाचे नसते. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारावे, आणि तो नको म्हणाला तर तो भाग सोडावा. मुलाच्या मनातले काही त्याला सांगायचे नसेल, तर घरच्यांनीही ते उकरून काढू नये. साक्ष सक्तीने घेतलेली नसावी.

चार : दुःखाचे प्रदर्शन मांडू नका. गरिबी सांगितली की प्रवेश मिळतो ही समजूत खोटी आहे. वाचणारा कीव करण्यासाठी बसलेला नसतो. हे मूल पाहते कसे आणि विचार कसा करते, हे त्याला समजून घ्यायचे असते. सायकलचे पंक्चर काढण्यावरही उत्तम निबंध होतो, पंक्चर स्वतः काढलेले असेल तर.

पाच : आधी मराठीत सांगू द्या, लिहू द्या. विचार ज्या भाषेत येतो तीत तो मोकळा होतो. मग मुलानेच तो साध्या इंग्रजीत उतरवावा. व्याकरण आणि शब्दलेखन तपासून देणे ही रास्त मदत आहे. ती शिक्षकांकडून किंवा जाणत्या शेजाऱ्याकडून घ्यावी. यंत्राकडून मजकूर मात्र घेऊ नये.

सहा : एकदा श्रोता व्हा. मुलाला खर्डा मोठ्याने वाचायला सांगा. जेथे समजले नाही तेथे 'समजले नाही' म्हणा, आणि जेथे ते आपले मूल वाटले नाही तेथे 'हा तू नाहीस' म्हणा. याहून मोठी टीका करण्याची गरज नाही. दहा जणांकडून दहा मते घेऊ नका; दोन माणसे पुरेत.

सात : वेळ आणि जागा द्या. एका खोलीच्या घरात हे अवघड असते, हे आम्ही जाणतो. पण तासभर टीव्ही बंद ठेवणे आणि त्या तासात मुलीला पाणी भरायला न पाठवणे एवढे होण्यासारखे आहे. आमच्या पाहण्यात मुलग्याला ही सवलत आपोआप मिळते, मुलीला मागावी लागते.

दोन शंका

एक शंका नेहमी येते. बाकीचे सगळे लिहून घेतात, मग आमच्याच मुलाने खरे का लिहावे? ही शंका खोटी नाही. विकतचे निबंध पास होत असतील आणि खरे निबंध नापास होत असतील. आम्ही वर सांगितलेले उदाहरण कोणत्याही जाहिरातीत बसणार नाही. पण व्यवहाराने पाहा. विकतच्या मालात श्रीमंताशी स्पर्धा करायला गेलो तर आपण हरणारच, कारण त्याच्याजवळ आपल्याहून महाग माल घेण्याची ऐपत आहे. आपल्या मुलाने पाहिलेले मात्र त्याला विकत मिळत नाही. आणि फसवणूक उघड झाली तर दिलेला प्रवेशही काढून घेतात. वकील लावून तो परत मिळवण्याची ताकद कोणाच्या घरात असते आणि कोणाच्या नसते, हे सांगायला नको.

दुसरी शंका अशी, की ही पद्धतच अन्यायाची असेल तर तिच्यात उतरावेच कशाला? आमचे मत असे की, कारखान्याचा कायदा पुरता न्यायाचा नसला तरी कामगाराने आपली जबानी अर्धवट देऊ नये. पद्धत बदलण्याची लढाई वेगळी लढावी. आपल्याकडच्या ज्या संस्था आता असे निबंध मागू लागल्या आहेत त्यांना आपण विचारलेच पाहिजे, की गरिबाच्या मुलाला हे लिहायला शिकवण्याची सोय कोठे आहे? मराठीत लिहिलेला निबंध तुम्ही वाचाल काय? हे प्रश्न व्याख्यानात टाळ्या घेण्यापुरते राहू नयेत. ते लेखी विचारावेत.

तोपर्यंत आपल्या हाती असलेली एक गोष्ट सुचवतो. आपल्या वाचनालयाची मोठी खोली मे महिन्यात संध्याकाळी रिकामी असते. आठवड्यातून एक संध्याकाळ ती बारावीला जाणाऱ्या मुलांसाठी उघडी ठेवावी. शाळेतल्या एकदोन बाई-सर आणि संघटनेचा एखादा कार्यकर्ता तेथे बसेल. लिहून कोणी देणार नाही. ऐकून मात्र घेईल. घरी जागा नसलेल्या मुलाला टेबल मिळेल आणि फीचे पैसे नसलेल्याला श्रोता मिळेल. परदेशी कोणी जावो अथवा न जावो, आपल्या घराविषयी खरे आणि नेमके लिहिता येणारा मुलगा पुढे नोकरीत, कोर्टात आणि नगरपालिकेच्या सभेतही आपले म्हणणे दुसऱ्याकडून लिहून घेणार नाही. वाचनालयाचे चिटणीस येथे बसलेले आहेत. किल्लीविषयी त्यांच्याशी आजच बोलून घ्यावे अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.